टोचन केली होती का?

राजरत्न बनसोडे मिस्त्री गाडीच्या बॉनेटला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला चहा पाजायचे. कुंडलला रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि मागं दोन खोल्यांचं घर. गाडी कितीही घाईची असो, ड्रायव्हर कितीही तणतणत असो, आधी बाकावर बसायचं. अंजनावहिनी आतून चहा आणायच्या. कप रिकामा झाला की मिस्त्री तीन गोष्टी विचारायचे. काय झालं? कवा झालं? आणि त्याच्या आदी काय झालं हुतं? तिसऱ्या प्रश्नावर ते सगळ्यात जास्त वेळ घालवायचे.

"गाडी ज्या दिशी बंद पडती, त्या दिशी बिघडत न्हाई गड्या," ते म्हणायचे. "तिचं आदीच कायतरी झाल्यालं असतंय. ते सांग. बाकीचं मी बघतो."

त्या तिसऱ्या प्रश्नाचं मी त्यांना खोटं उत्तर दिलं. मी हंबीरराव, फलटण तालुक्यातला, पेशानं ड्रायव्हर. मिस्त्रींबद्दल चार शब्द लिहा म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्यांच्याबद्दल पेपरात जे छापून आलं तेवढंच मागं राहावं, हे मला सहन होत नाही.

मिस्त्रींचा जन्म पंचावन्न सालचा. वर्षाच्या आत त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला, गावकीची कामं सोडली आणि बारशाला ठेवलेलं पोराचं नावही बदलून राजरत्न केलं. गावातली जुनी माणसं मात्र आडमुठेपणानं जुन्याच नावानं हाक मारत राहिली. अठराव्या वर्षी ते फौजेत गेले, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. पंधरा वर्षांनी हवालदार होऊन परत आले आणि गॅरेज टाकलं. पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बोर्ड रंगवून घेतला. त्यावर नाव ठळक, बाकी सगळं बारीक. अंजनावहिनी हसून म्हणाल्या होत्या, "आवं, हितं गाड्या दुरुस्त हुत्यात का तुमचं नाव?" मिस्त्री म्हणाले, "दोन्ही."

हे मला त्यांनीच सांगितलं. बोलके होते. हात रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, मग नखं बघायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे, तेव्हा गॅरेजात कुणी खाकरायचं नाही. कराडपासून मिरजेपर्यंतचे ट्रकवाले त्यांना ओळखत.

चहामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. बरेच ड्रायव्हर तो चहा घ्यायचे नाहीत. "आत्ताच झाला मिस्त्री." "पित्त लय वाढतंय." "आज उपास हाय." आणि पन्नास पावलांवरच्या हॉटेलात जाऊन तेच लोक दोन-दोन कप रिचवायचे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्री रागवायचे नाहीत. त्यांनाही तेच तीन प्रश्न विचारायचे, पण उत्तरावर भिस्त ठेवायचे नाहीत. गाडी पूर्ण खोलायचे, एकेक गोष्ट स्वतः तपासायचे. ज्यानं कप रिकामा केला, त्याच्या मात्र शब्दावर काम करायचे.

मी पहिल्याच भेटीत चहा घेतला. आमच्या घरी उसाची बागायत, आजोबांची पाटीलकी, आणि मी बनसोड्यांच्या बाकावर बसून बशी ओठाला लावली. मिस्त्री म्हणाले, "झालं. आता तुमी पाव्हणं न्हाई. गडी आपलं." मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला! वाटेत गाडी चालवताना मी एकटाच हसत होतो. आता त्या हसण्याची शिसारी येते.

मी तेव्हा पाचगणीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात होतो. पंच्याण्णव साली परदेशातल्या कुणी दानशूर लोकांनी दवाखान्याला एक पांढरी डिझेल पिकअप पाठवली. मागं टप आणि स्ट्रेचर बसवून आम्ही तिची ॲम्ब्युलन्स केली. खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांसाठी तीच एक गाडी. गंमत अशी की तिला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक. गिअर आपले आपण पडायचे. लोक तिला बिनक्लचची म्हणायचे आणि आत वाकून माझा डावा पाय बघायचे. तो नुसता बसून असायचा.

पुण्याहून आलेल्या माणसानं मला एक दिवस शिकवलं आणि तीन गोष्टी बजावल्या. गिअरबॉक्सचं तेल बघायचं ते इंजिन चालू ठेवून. धक्का मारून ही सुरू होणार नाही, तो नाद करायचा नाही. आणि बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करायची नाही. टोचन म्हणजे दोर बांधून ओढणं. आमच्याकडं बंद पडलेली गाडी टोचन करून नेणं हे बैलाला पाणी पाजण्याइतकं साधं काम. तो म्हणाला, "हिच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतला सगळा माल कोरडा फिरतो. जळतो. उचलून ट्रकवर घालायची." मी मान डोलावली. कागदावर सहीसुद्धा केली.

शहाण्णवच्या सप्टेंबरात औषधं पोचवायला फलटणला गेलो होतो. काम उरकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. गाव तिथून अठरा किलोमीटर. गावाला एकदा बिनक्लचची दाखवावी. परवानगी नव्हती, विचारलीही नव्हती.

दाखवली. सगळी आळी जमली. चुलतभाऊ नाथाजीनं दोनदा बसून बघितलं. मी शेतापर्यंत चक्कर मारली, आणि पाणी सोडलेल्या उसाकडेच्या वाटेत चाकं रुतली. मी रेस केली, चिखल उडाला, गाडी बंद पडली आणि स्टार्टर काही केल्या बोलेना. चौघांनी धक्का मारला. नाथाजी घामानं निथळत म्हणाला, "आरं गड्या, हिला क्लचच न्हाई, तर धक्का लागायचा कुठनं?" लोक पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळच्या आत पाचगणी गाठायची होती. नाथाजीनं ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, आणि आम्ही ती फलटणपर्यंत टोचन करून नेली. अठरा किलोमीटर, मागची चाकं जमिनीवर. पुण्याच्या माणसाचे शब्द मला आठवले नाहीत असं नाही. आठवले. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

फलटणला स्टार्टर दुरुस्त झाला, गाडी सुरू झाली, वर आली. कुणाला काही कळलं नाही. मी सुटलो म्हणून देवाला नारळ फोडला.

पुढच्या महिन्यात ती अडखळायला लागली. गिअर टाकला की क्षणभर नुसती उभी राहायची, मग झटका देऊन निघायची. बारीक रडल्यासारखा आवाज यायचा. मिरजेला औषधं आणायला निघालो, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, वाटेत तुझ्या ओळखीच्या बनसोड्यांना दाखव, ते लष्करातले आहेत, त्यांना ऑटोमॅटिकचं कळतं. खरंच कळत होतं. फौजेत पाच वर्षं परदेशी बनावटीच्या असल्याच गाड्यांवर त्यांचा हात बसला होता. आमच्या दोन जिल्ह्यांत दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता.

बाकावर बसलो. चहा आला. प्यालो. काय झालं, ते सांगितलं. कवा झालं, ते सांगितलं. "त्याच्या आदी?"

"काय न्हाई मिस्त्री. रोजचीच खेप."

ते उठले. इंजिन चालू ठेवून तेल बघायची दांडी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली, फडकं नाकाशी नेलं. "तेल लाल असतंय ह्याचं. ही बघा, चहागत झालंय. आणि करपल्याला वास." मग मला स्टिअरिंगवर बसवलं. चाकांना दगड लावले, ब्रेक गच्च दाबायला सांगितला, गिअरमध्ये टाकून रेस द्यायला लावली आणि बाजूला उभं राहून कान दिला. इंजिन जरा जास्तच वर गेलं, पकड सुटल्यासारखं. "सुटतंय आत," ते म्हणाले. "थोडंच सुटतंय, पर सुटतंय." गाडीखाली जाऊन त्यांनी गिअरबॉक्सचं खालचं चेंबर उतरवलं. तळाच्या चुंबकावर राखाडी चिखल बसला होता. तो अंगठ्यावर घेऊन ते उन्हात आले आणि अंगठा इकडं-तिकडं फिरवत राहिले.

"चिखल असतोच. ही धातूची चमक मला आवडली न्हाई," ते म्हणाले. "बाहेर तेलाच्या नळीला पाझर हाय, तेल एका खुणंनं कमी झालंय. तेवढ्यानं बी तापू शकतंय. मग तेल आणि जाळी बदलली की भागंल. पर ही कोरडी फिरली असंल, तर आतली बुशं, दांड्याभोवतीची कडी, जळाल्याली असणार. तसं असंल तर गिअरबॉक्स खोलल्याबिगर हिला रस्त्यावर काढायची न्हाई. सामान भाइरनं येणार, तीन-चार म्हैनं गाडी हुबी." त्यांनी अंगठा पुसला. "एवढं सांगा हंबीरराव. टोचन केली हुती का?"

मला सगळं दिसत होतं. परवानगीशिवायची चक्कर, माझी सही, डॉक्टरांचा चेहरा, गावात होणारं हसं.

"न्हाई," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. "मागची चाकं जमिनीवर ठिवून? थोडी बी? चार पावलं?"

"आवं न्हाई मिस्त्री. आयशप्पत."

"शप्पत कशाला घालता? तुमी न्हाई म्हनला, झालं." आणि त्यांनी बाकाकडं, रिकाम्या कपाकडं नजर टाकली. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागला नव्हता.

दुपारपर्यंत त्यांनी नळी सांधली, जाळी बदलली, तेल भरलं, ताकारीपर्यंत स्वतः चालवून बघितली. गाडी गुमान चालली. पॅडवर त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: तेल कमी होऊन गिअरबॉक्स तापला होता, दुरुस्ती केली, गाडी चालवण्यास योग्य. खाली सही, नाव पूर्ण, माजी हवालदार. मला म्हणाले, "पेशंटची गाडी हाय. उगंच चार म्हैनं हुबी करायला जीव हुईना. तुमी सांगितलंसा म्हणून सोडतोय."

डिसेंबरात कोकणाकडं निघालेल्या मेंढपाळांचा तळ जावळीकडच्या खोऱ्यात पडला होता. एका सकाळी खालच्या गावातून फोन आला. तळावर एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मी नर्सला घेऊन घाट उतरलो. बाईचं नाव हरणाबाई. वीस-बावीसची असेल. नवऱ्याचं नाव बिराप्पा. त्यानं तिला उचलून आत ठेवलं. पोर, मुलगी, घोंगडीत गुंडाळून छातीशी धरली होती. हरणाबाई शुद्धीवर होती. मेंढरांकडं कोण राहणार, असं काहीतरी नवऱ्याला विचारत होती.

निम्मा घाट चढलो. तिसऱ्या वळणावर इंजिन एकदम बोंबललं आणि गाडीचा जोर गेला. मी पाय दाबतोय, आवाज वाढतोय, आणि गाडी जागची हलत नाही. मग ती मागं यायला लागली. ब्रेक दाबला, उतरून चाकाला दगड लावला. करपलेला वास टपापर्यंत आला होता.

बिराप्पा खाली उतरला. "काय झालं, दादा?"

मी सांगितलं, गाडी ओढंना झालीया.

"कवा सुरू हुईल?"

मी दुसऱ्या चाकाला दगड लावायला वाकलो. त्यापुढचं विचारायचं त्याला ठाऊक नव्हतं. मला मात्र उत्तर ठाऊक होतं.

मी रस्त्यानं वर पळालो, खाली पळालो. त्या घाटानं दिवसात चार गाड्या जायच्या. दीड तासानं स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन एक जीप आली. त्या भल्या माणसानं पेट्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या. आम्ही हरणाबाईला उचललं तेव्हा तिचे हात गार होते. दवाखान्याच्या दारात ती गेली. डॉक्टर नर्सला म्हणाले ते मी ऐकलं, "तासभर आधी आली असती, तर."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाताना बिराप्पानं माझा हात धरला. पोर त्याच्या खांद्यावर झोपली होती. म्हणाला, "दादा, तुमी लय पळापळ केलीसा." मी पोरीची घोंगडी सारखी केली.

ट्रस्टनं चौकशी समिती नेमली. कागद एकच होता, मिस्त्रींची चिठ्ठी. त्यांना पाचगणीला बोलावलं आणि गिअरबॉक्स त्यांच्याच हातानं खोलायला लावला. मदतीला मी. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. त्या दिवशी बाक नव्हता, चहा नव्हता, आणि त्यांनी मला काही विचारलंही नाही. गिअरबॉक्सचं मागचं कवच उतरवल्यावर आतलं बूश त्यांनी हातात घेतलं. ते काळंठिक्कर पडलं होतं, एका बाजूनं झिजून कागदासारखं झालं होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी पान्हा पुसत होतो. पुसलेलाच पान्हा परत पुसत होतो.

समितीसमोर त्यांना खुर्ची दिली नाही. ट्रस्टच्या चिटणीसांनी विचारलं, गाडी योग्य आहे असं तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? मी दाराशी उभा होतो. आता माझं नाव येणार.

मिस्त्री म्हणाले, "सही माझी हाय."

"म्हणजे चूक तुमची?"

"सही माझी हाय, साहेब."

एवढंच ते बोलले. समितीतला एकजण बाहेर पडताना म्हणाला, या लोकांना लष्करात घेतात आणि मग ते स्वतःला इंजिनिअर समजतात. तो माझ्याच जातीचा होता. माझ्याकडं बघून हसला, मीही ओठ हलवले. पेपरात बातमी आली, मेकॅनिकच्या हलगर्जीपणानं बाळंतिणीचा बळी. मिस्त्रींचं नाव पहिल्यांदाच छापून आलं, पूर्ण, एकही चूक नाही.

पुढची तीन वर्षं मी नोकरी केली. नवी गाडी आली, क्लचवाली. मिरजेला जाताना कुंडल टाळून मी इस्लामपूरवरून जायचो. ट्रकवाल्यांकडून कानावर यायचं: बनसोड्यांकडं आता कोण जात नाही, बाई मारली त्यानं. चहाला ज्यांना पित्त व्हायचं तेच हे जास्त मोठ्यानं सांगायचे.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात एकदा भर दुपारी मी गाडी कुंडलला वळवली. का त्याच दिवशी, सांगता येणार नाही. आदल्या आठवड्यात बिराप्पा त्याच खोऱ्यात पुन्हा उतरला होता. पोर तीन वर्षांची, मेंढराच्या मागं पळत होती. त्यानं तिला माझ्या पाया पडायला लावलं.

गॅरेजवर बोर्ड नव्हता. पत्र्यावर बोर्डाएवढा चौकोन कमी गंजलेला दिसत होता. आत मिस्त्री खाली पोत्यावर बसून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीला तार भरत होते. चष्मा लागला होता. बाक भिंतीला उभा करून ठेवला होता. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही. मी उभ्या-उभ्याच बोलून टाकलं. चक्कर, चिखल, नाथाजीचा ट्रॅक्टर, अठरा किलोमीटर. बोलता-बोलता रडलो. त्यांनी तारेचा वेढा पुरा केला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "बूश बघितलं तवाच कळलं."

"मग समितीत बोलला का न्हाईसा? माझं नाव का घेतलं न्हाईसा?"

"काय सांगायचं? मेकॅनिकची चूक झाली, ती डायवरवर ढकलतोय? आणि त्यात मी, तुमच्यावर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुणी ऐकलं असतं, हंबीरराव? तुमी खरं सांगितलं असतंसा, तर ऐकलं असतं. तुमी दाराशीच हुबं हुता."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "आणि चूक माझी बी हायच. चमक दिसली हुती मला. खोलायला पायजे हुती. मी बोटावरच्या चमकंपेक्षा रिकाम्या कपावर इस्वास ठिवला. ती बाई त्यात गेली."

मी म्हटलं, मी लिहून देतो. ट्रस्टला, पेपराला, म्हणाल तिथं. तुम्ही परत गॅरेज सुरू करा, गाड्या येतील.

"नगं. आता हीच बरी." त्यांनी मांडीवरच्या मोटारीवर तळवा ठेवला. "हिला डायवर नसतोय."

अंजनावहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळं ऐकलं असावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं. मी जायला वळलो, तसे मिस्त्री म्हणाले, "थांबा. उनाचं आलाय." आणि त्यांनी तारेचं नवं टोक हातात घेता-घेता आत सांगितलं,

"अंजना, पाव्हण्यास्नी चहा दे."